उभ्या गर्दीतली भोवळ

सकाळच्या गर्दीच्या वेळी बदलापूरहून सुटलेली लोकल अंबरनाथला येते तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पालेगावच्या नव्या इमारतींतून रिक्षाने स्टेशन गाठणाऱ्या नोकरदाराच्या पोटात बहुतेक वेळा नुसता चहा असतो. डबा ऑफिसात उघडायचा, असा हिशेब. सीएसएमटीपर्यंतचे जवळपास साठ किलोमीटर उभ्याने, पाय हलवायलाही वाव नसताना काढायचे असतात. डोंबिवली गेल्यावर कधीतरी त्याला मळमळू लागते, कान बंद झाल्यासारखे वाटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, कपाळावर गार घाम फुटतो आणि गुडघे सुटतात. पण तो पडत नाही, कारण पडायला जागाच नसते. चारी बाजूंच्या खांद्यांमध्ये अडकून तो बेशुद्धीतही उभाच राहतो.

डब्यातली माणुसकी इथे धावून येते, आणि नेमकी चूक होते तीही इथेच. कोणी खिडकीची जागा सोडतो, कोणी मान धरून बसते करतो, कोणी पाण्याची बाटली तोंडाला लावतो. ‘धरा, धरा, पडू देऊ नका’ असा ओरडा होतो. भोवळ आलेल्या माणसाला त्या क्षणी एकाच गोष्टीची गरज असते, ती म्हणजे आडवे होण्याची. आणि सगळ्यांच्या मदतीत तेवढी एकच गोष्ट त्याला मिळत नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा तो घेतो आणि गाठीला जवळपास काहीच ठेवत नाही. हा पुरवठा सहा ते आठ सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. एरवी हे जाणवत नाही, कारण रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. गर्दीत पोटऱ्या थांबतात. उकाड्यामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, म्हणून अनेक जण, विशेषतः स्त्रिया, घरून निघताना पाणी पिणेच टाळतात. अशा वेळी शरीराची एक उलटी प्रतिक्रिया सुरू होते: हृदयाची गती वाढायच्या ऐवजी मंदावते आणि रक्तवाहिन्या आवळायच्या ऐवजी ढिल्या पडतात. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३२ साली या प्रकाराला ‘व्हेजोव्हेगल’ हे नाव दिले. इंजेक्शनची सुई किंवा रक्त पाहून, तीव्र वेदनेने, शाळेच्या प्रार्थनेत उभे राहून येणारी भोवळ बहुतेक वेळा याच जातीची असते.

जमिनीवर कोसळणे हा त्यावरचा शरीराचा स्वतःचाच इलाज आहे. डोके हृदयाच्या पातळीला आले की रक्त मेंदूकडे परतते आणि माणूस बहुधा मिनिटाच्या आत डोळे नीट उघडून ‘काय झालं?’ विचारतो. त्याला उभे किंवा बसते धरून ठेवले, तर हा इलाजच हिरावला जातो. बेशुद्धी लांबते, हातापायांना झटके बसू लागतात, डोळे वर फिरतात. मग डब्यात दुसरा शब्द उठतो: ‘फिट आली!’ कोणी चप्पल शोधतो, कोणी कांदा, कोणी मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबतो. या तिन्हींचा ना फिटवर उपयोग आहे, ना भोवळीवर. त्यांची ख्याती टिकून राहिली त्याचे कारण साधे आहे. कांदा शोधून आणेपर्यंत बहुतेक माणसे आपोआप शुद्धीवर आलेली असतात.

झटके दिसले म्हणजे फिटच, हा समज खोडून काढणारा एक प्रयोग १९९४ साली बर्लिनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांनी जोरजोरात श्वास घेऊन, उभे राहून आणि श्वास कोंडून स्वतःहून भोवळ आणवली आणि त्याचे व्हिडिओ चित्रण झाले. पूर्ण बेशुद्ध झालेल्यांपैकी ९० टक्के जणांच्या हातापायांना झटके आले, आणि बहुतेकांचे डोळे उघडेच होते. त्यांच्यातल्या कोणालाही अपस्मार नव्हता. हा फरक किती महागात पडू शकतो, हे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कळते. एकदा गर्दीत झटके आले म्हणून वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खाणारी माणसे तिथे येतात. लग्न ठरताना लपवाछपवी झालेली असते, ड्रायव्हिंगचे काम सुटलेले असते. मूळ आजार कधी अपस्मार नव्हताच.

फरक ओळखायचा तर पाहणाऱ्याच्या साक्षीला पर्याय नाही. भोवळीत चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, झटके काही सेकंदांत थांबतात आणि शुद्ध आल्यावर माणूस आपण कुठे आहोत हे लगेच सांगतो. अपस्मारात अंग आधी ताठ होते, झटके मिनिट-दोन मिनिटे चालतात, ओठ निळसर पडतात, जिभेची कड चावली जाते आणि जाग आल्यावरही पाच-दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ गोंधळ राहतो. कपड्यात लघवी होणे मात्र दोन्हींत घडू शकते, त्यावरून निवाडा करू नये. ज्याच्यावर हे गुजरले त्याला स्वतःला यातले काहीच आठवत नसते. म्हणून शेजारच्या प्रवाशाने पाहिलेले ते एक मिनिट अनेकदा एमआरआयपेक्षा मोलाचे ठरते. दुर्दैवाने एमआरआय लगेच होतो. प्रवाशाचा फोन नंबर मात्र कोणी घेतलेला नसतो.

अडचण भाषेपासूनच सुरू होते. मराठीत ‘चक्कर’ हा एकच शब्द निदान चार गोष्टींसाठी वापरला जातो. खोली गरगर फिरते तीही चक्कर. ही बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची तक्रार असते. चालताना तोल जातो तीही चक्कर, अशक्तपणाने डोके हलके वाटते तीही चक्कर आणि शुद्ध जाते तीही चक्करच. जुन्या बायका घेरी, भोवळ, आकडी असे वेगवेगळे शब्द वापरत. त्यांत निदानाच्या दृष्टीने जास्त नेमकेपणा होता. आता सगळ्यावर ‘बीपी लो झाला’ हे एकच उत्तर मिळते आणि एक सलाईन चढवली जाते. सलाईनसाठी रुग्णाला आडवे झोपवले जाते आणि त्यानेच त्याला बरे वाटते. श्रेय बाटलीला जाते.

तरुण, निरोगी माणसाची गर्दीतली भोवळ बहुधा निरुपद्रवी असते. काळजी करायची ती आधीच आजारी असलेल्यांची. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असलेला साठीपुढचा माणूस पडतो तेव्हा पहिला संशय त्याच्या गोळ्यांच्या डब्यावर घ्यायला हवा. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, त्यात लघवी वाढवणारी एक, आणि प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन. यातली प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर असते, पण वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या या गोळ्यांची एकत्र बेरीज कोणी केलेली नसते. पहाटे तीन वाजता असा माणूस गाढ झोपेतून उठतो, थेट चालत बाथरूम गाठतो आणि उभ्याने लघवी करताना किंवा झाल्या झाल्या कोसळतो. बेसिनची कड डोक्याला लागते, नाहीतर खुब्याचे हाड मोडते. बिछान्याच्या काठावर दोन मिनिटे बसून मग उठणे आणि पुरुषांनीही रात्री बसून लघवी करणे, या दोन बिनखर्चाच्या सवयींनी असे कितीतरी अपघात टळतात.

काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब घरात कोणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही. पण ते नाकावाटे रक्तात उतरतात आणि काही वृद्धांत हृदयाचे ठोके मंद करतात. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीची तऱ्हा आणखी वेगळी. माणूस कोसळला की हार्ट अटॅकच्या भीतीने घरचे ही गोळी त्याच्या तोंडात टाकतात. ती रक्तवाहिन्या सैल करते, आधीच खाली गेलेला रक्तदाब आणखी पाडते, आणि बेशुद्ध माणसाच्या घशात अडकण्याचा धोका वेगळाच. छातीत दुखत असलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बसून घ्यायची ही गोळी आहे. भोवळीवरचे औषध म्हणून तिचा वापर कधीही करू नये.

मधुमेहींत दोन निरनिराळे धोके असतात. वर्षानुवर्षांच्या साखरेने रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा दुबळ्या होतात आणि उभे राहताच रक्तदाब घसरतो. दुसरा धोका साखर उतरण्याचा: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतले, पण एकादशी म्हणून किंवा गाडी पकडायच्या घाईत खाणे राहिले. ही बेशुद्धी आडवे केल्याने मिनिटात जात नाही. त्याआधी थरथर, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसते. गिळता येत असेल तोवर साखर द्यावी. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात मात्र साखरेचे पाणीही ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. उपवास धरायचाच असेल तर गोळ्यांचे काय करायचे हे आदल्या आठवड्यात विचारून घ्यावे. भर उन्हाळ्यात रक्तदाबाच्या औषधाचा डोस थोडा कमी करावा लागतो असेही रुग्ण असतात. पण तो डॉक्टरांनी मोजून कमी करायचा. भोवळ आली म्हणून स्वतःहून सगळ्या गोळ्या बंद करणारे काही जण महिनाभराने पक्षाघात घेऊन येतात.

या सगळ्यासाठी लागणारी तपासणी कोणत्याही नगरपालिका दवाखान्यात होऊ शकते. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर निदान समोर असते. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिल्या फेरीत तीनच गोष्टी आहेत: सविस्तर हकिगत आणि तपासणी, आडवे-उभे रक्तदाब आणि ईसीजी. साध्या भोवळीनंतर डोक्याचा सीटी स्कॅन आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यातून हाती फारसे काही लागत नाही. डोक्याला मार लागला असेल, हातपाय लुळे पडले असतील, बोलणे बदलले असेल तर गोष्ट वेगळी. तरीही स्कॅन पटकन होतो आणि उभे करून रक्तदाब मोजणे राहून जाते, याचे कारण वैद्यकीयपेक्षा व्यवहाराचे आहे. गर्दीच्या ओपीडीत सात-आठ मिनिटे एका रुग्णाजवळ थांबणे ही आज सगळ्यात दुर्मीळ तपासणी झाली आहे.

ईसीजी मात्र प्रत्येकाचा व्हायला हवा, कारण भोवळीच्या वेषात कधी कधी हृदयच थांबत असते. वृद्ध माणूस बसल्या बसल्या, घाम-मळमळ अशी कोणतीही सूचना न मिळता कोसळतो आणि काही सेकंदांत जागा होतो. नाडी मोजावी तर मिनिटाला पस्तीस-चाळीस. हा हृदयातला विद्युतप्रवाह अडल्याचा प्रकार, आणि त्यावर पेसमेकर हा खात्रीचा उपाय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. धावताना, जिना चढताना, खेळताना शुद्ध गेली तर ती कधीही साधी भोवळ समजू नये. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. छातीदाब आणि विजेचा झटका तिथेच मिळाला म्हणून तो वाचला आणि पुढच्या वर्षी हृदयात यंत्र बसवून पुन्हा खेळू लागला. झोपलेल्या अवस्थेत शुद्ध जाणे, आधी छातीत धडधड किंवा दुखणे, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, काळी शौच, गरोदरपणाच्या सुरुवातीला पोटात दुखून भोवळ, यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चक्कर या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या अवस्था दडतात, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात तासन् तास उन्हात बसले होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल; पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. या दुर्घटनेत १४ जणांचा जीव गेला. अशा गर्दीत सुरुवातीला अनेकांना येते ती उन्हाची साधी भोवळ: सावलीत आडवे केले, पाणी दिले की माणूस उठून बसतो. पण काहींच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, ते असंबद्ध बरळू लागतात आणि आडवे करूनही शुद्धीवर येत नाहीत. तो उष्माघात. त्यात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. जागच्या जागी अंगावर पाणी ओतून वारा घालणे, मान-काखा-जांघांत बर्फ ठेवणे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे न थांबवणे, यावर जीव अवलंबून असतो. लांबून पाहणाऱ्या स्वयंसेवकाला दोन्ही ‘चक्कर आलेले’च दिसतात. मिनिट-दोन मिनिटांत जो भानावर येत नाही तो भोवळीचा रुग्ण नव्हे, एवढी एकच कसोटी हाताशी असती तरी वेळ वाचतो. दुर्घटनेनंतर दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. तो योग्यच होता. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणावर मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

पुन्हा लोकलकडे. अंधारी येऊ लागली की माणसाकडे बहुधा अर्धे-पाऊण मिनिट असते. जागा असेल तर लगेच खाली बसावे. लाज वाटण्यात हा वेळ जातो. बसता येत नसेल तर एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळून मांड्या, पोट आणि मुठी जोराने ताणाव्यात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२३ रुग्णांच्या अभ्यासात ही युक्ती शिकवलेल्यांपैकी ३२ टक्के जणांना पुन्हा भोवळ आली, न शिकवलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के होते. औषधाशिवाय एवढा फरक पडणे थोडेथोडके नाही. सहप्रवाशांनी दोन बाकांमधल्या जागेत त्याला आडवे करावे आणि पाय बाकावर टेकवावेत. गरोदर स्त्री असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. श्वास चालू आहे का ते पाहावे. नसेल तर छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायला सुरुवात करावी. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढली तर गाडी मदत पोहोचणार नाही अशा जागी उभी राहते. पुढच्या फलाटावर उतरवून १३९ किंवा १०८ ला फोन करणे बरे. शुद्ध आल्यावर दहा मिनिटे तरी उठवू नये. घाईने उभा केलेला माणूस फलाटावर पुन्हा पडतो, आणि दुसऱ्यांदा तो रुळांच्या बाजूला असू शकतो.

अंबरनाथला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. तिथे जाताना रुग्णाने चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांच्या थेंबांसह, पिशवीत घालून न्याव्यात. आणि ज्याने पाहिले त्याला सोबत न्यावे किंवा निदान त्याच्याशी फोनवर बोलता येईल असे करावे. किती वाजता, उभा होता की बसलेला, रंग कसा झाला, झटके आधी आले की पडल्यानंतर, किती वेळात ओळख पटली. एवढे चिठ्ठीवर लिहून आणले तरी डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते. आणि कारण कळेपर्यंत रिक्षा किंवा बस चालवणाऱ्याने स्टेअरिंग हातात घेऊ नये, आनंदनगर एमआयडीसीत यंत्रावर किंवा उंचावर काम करणाऱ्याने जमिनीवरचे काम मागून घ्यावे. रोजंदारी बुडते म्हणून हे दोन दिवसही न पाळणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी तपासणी त्याच आठवड्यात पूर्ण करून देणे, हे मग रुग्णालयाचे काम.